बालदमा: आपल्या वॉर्डात कोणाला काय येतं, ते कसं तपासायचं आणि कसं शिकवायचं

बालदम्यावरचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी ठरलेल्या साच्यातलं असतं. तासाभराचं व्याख्यान, भरपूर स्लाइड, शेवटी हजेरीच्या सह्या. दुसऱ्या दिवशी वॉर्डात तीच मंडळी इनहेलर न हलवता स्पेसरला (औषध साठवून श्वासाने ओढायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याला) लावतात, दोन पफ म्हणजे फवारे एकदम मारतात आणि आईला सांगतात, "झालं, घरी असंच द्या." दम्याची व्याख्या विचारली तर सगळ्यांना येते. गाडी अडते ती हाताच्या कामात आणि पालकांशी बोलताना.

बालरोग विभागातल्या इन्चार्ज सिस्टर, निवासी डॉक्टर, फार्मासिस्ट, प्राथमिक केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, थोडक्यात ज्यांच्यावर टीमला तयार करायची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विषय गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी दम्याने सुमारे ४ लाख ५५ हजार मृत्यू झाले. मुलांच्या दीर्घकालीन आजारांत दमा सगळ्यात जास्त आढळणाऱ्यांपैकी एक आहे, आणि यातले बरेच अ‍ॅटॅक वेळेवर आणि नीट औषध मिळालं तर टळू शकतात.

पायरी १: शिकवायच्या आधी तपासा

आधी परीक्षा, मग शिकवणी. पण परीक्षा कागदावरच संपली तर फसगत होते. दम्याच्या ज्ञानाच्या तयार प्रश्नावल्या मिळतात. १९९० साली तयार झालेली ३१ प्रश्नांची न्यूकॅसल प्रश्नावली मुळात पालकांसाठी होती, पुढे ती परिचारिका आणि डॉक्टरांसाठीही वापरली गेली. अशी एखादी प्रश्नावली जरूर घ्या, मात्र उत्तरतालिका आजच्या उपचारपद्धतीशी ताडून घ्या. गेल्या काही वर्षांत दम्याच्या उपचारात बरंच बदललं आहे आणि जुन्या तालिकेत काही उत्तरं शिळी निघतील.

माझा भर तीन गोष्टींवर असतो. पहिली, दहा-बारा चूक-बरोबर विधानं. उदाहरणार्थ, "इनहेलरची सवय लागते." "दमा असलेल्या मुलाने धावू नये." "नेब्युलायझर इनहेलरपेक्षा जास्त ताकदीचा असतो." "घरघर ऐकू येत नाही, म्हणजे मूल सुधारलं." "सर्दीनंतर धाप लागली की अँटिबायोटिक द्यायलाच हवं." ही सगळी चूक आहेत आणि प्रत्येकाला 'बरोबर' म्हणणारे अनुभवी लोक तुम्हाला सापडतील. दुसरी, एक केस: तीन वर्षांचं मूल, दोन दिवस सर्दी, आज पहाटेपासून पोट उडतंय, दूध पीत नाही. पहिल्या दहा मिनिटांत काय कराल, क्रमाने लिहा. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, हातात रिकामा इनहेलर आणि स्पेसर द्या आणि म्हणा, "मी आई आहे, मला शिकवा."

नावं लिहून घेऊ नका. गुण जाहीर झाले की पुढच्या वेळी लोक आजारी पडतात. डॉक्टर, परिचारिका आणि फार्मासिस्ट यांचे कागद मात्र वेगळे ठेवा, कारण चुका वेगवेगळ्या निघतात. डॉक्टरांना औषधांची नावं आणि डोस पाठ असतात, स्पेसर धुवायचा कसा हे विचारलं की शांतता पसरते. परिचारिकांचं नेमकं उलट. फार्मासिस्टकडे सगळ्यात उपयोगी माहिती असते आणि ती त्यांना कोणी विचारत नाही. ते पुढे येईलच.

पायरी २: दमा ओळखणं, आणि दमा नसलेलं ओळखणं

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज राहते, त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात आणि चिकट स्राव वाढतो. हे तिन्ही एकत्र ठसलं की पुढचा अर्धा उपचार आपोआप समजतो: स्नायू सैल करणारं औषध वेगळं, सूज उतरवणारं वेगळं.

इतिहास घेताना पालक 'व्हीझिंग' (छातीतला शिट्टीसारखा आवाज) म्हणणार नाहीत. ते म्हणतील "छाती भरते", "घरघर होते", "रात्री खोकल्याची उबळ येते", "पोट उडतं". यातली घरघर नाकात आणि घशात साठलेल्या कफाचीही असू शकते. म्हणून स्वतः आवाज काढून दाखवा, किंवा पालकांना मोबाइलवर व्हिडिओ काढून आणायला सांगा. नंतरच्या वर्णनापेक्षा तो व्हिडिओ कितीतरी जास्त सांगतो. लक्षणं रात्री किंवा पहाटे वाढतात का, हसल्यावर, रडल्यावर, धावल्यावर येतात का, सर्दी नसतानाही येतात का, घरात कोणाला दमा, आणि मुलाला त्वचेचा इसब किंवा अ‍ॅलर्जीची सर्दी आहे का, हे विचारलंच पाहिजे.

पाच-सहा वर्षांपुढचं मूल बहुधा स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकून करायची श्वासाची चाचणी, करू शकतं. स्नायू सैल करणारं साल्ब्युटामॉल दिल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षित आकड्याच्या १२ टक्क्यांहून जास्त वाढली, तर निदानाला बळ येतं. चाचणी नॉर्मल आली म्हणून दमा नाही असं मात्र म्हणता येत नाही. दमा चढ-उताराचा आजार आहे आणि बरं वाटत असलेल्या दिवशी नळ्या मोकळ्या असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांत लक्षणांचा नमुना बघूनच ठरवावं लागतं. शंका असेल तर दोन-तीन महिने कमी मात्रेचं इनहेल्ड स्टेरॉइड (इनहेलरमधून घ्यायचं, सूज उतरवणारं औषध) देऊन बघतात. फरक पडतो का आणि बंद केल्यावर लक्षणं परततात का, दोन्ही नोंदवायचं.

टीमला एक यादी तोंडपाठ हवी, कारण ती चुकली तर महागात पडते: जन्मापासूनची लक्षणं, वजन न वाढणं, सतत ओला खोकला, नखं फुगीर होणं, हृदयात मर्मर, दूध पिताना ठसका लागणं, आणि एकाच बाजूचा आवाज. खेळता खेळता अचानक ठसका लागून धाप सुरू झाली तर श्वासनलिकेत काहीतरी अडकलं आहे असं समजून चाला, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. यातलं काही दिसलं तर इनहेलर लिहून घरी पाठवू नका, तज्ज्ञांकडे पाठवा.

प्राथमिक पातळीवर नेहमी होणारी चूक म्हणजे दम्याला न्यूमोनिया समजणं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त असेल तर तो जलद धरतात. पण सोबत शिट्टीसारखा आवाज असेल आणि तातडीने दाखल करण्यासारखी धोक्याची चिन्हं नसतील, तर आधी साल्ब्युटामॉल द्यायचं, गरजेनुसार १५-२० मिनिटांच्या अंतराने तीनदापर्यंत, आणि मग श्वास पुन्हा मोजायचे. अनेक मुलांचा श्वास तिथेच खाली येतो आणि अँटिबायोटिकचा प्रश्नच उरत नाही. श्वास मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायची सवय मोडा.

पायरी ३: स्पेसर हातात घ्या

सगळ्या प्रशिक्षणातला अर्धा वेळ इथे द्या. व्याख्यान आटोपतं घेतलंत तरी चालेल.

टेबलावर दोन प्रकारचे स्पेसर, वेगवेगळ्या मापांचे मास्क, प्लासिबो (औषध नसलेला) इनहेलर आणि एक बाहुली ठेवा. चार वर्षांखाली मास्क लागतो. त्यापुढे मुलाला नळी ओठांत घट्ट धरता येत असेल तर मास्क काढायचा, कारण मास्कमधून नाकाने घेतलेल्या औषधातला बराच भाग नाकातच अडकतो.

आता कृती. टोपी काढा आणि आत काही अडकलेलं नाही ना ते बघा. इनहेलर नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर माहितीपत्रकात दिले असतील तेवढे पफ आधी हवेत सोडा. इनहेलर नीट हलवा. स्पेसरला लावा, डबी सरळ उभी राहील असा. लहान मुलाला मांडीवर घ्या, पाठ आपल्या छातीला टेकवून. मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या वरपर्यंत बसवा आणि हलका दाब ठेवा. मग एक पफ, एकच. लगेच झडपेकडे बघा: मुलाच्या श्वासाबरोबर ती उघडमीट करताना दिसली पाहिजे, काही स्पेसरमध्ये बारीक टकटक ऐकूही येते. पाच-सहा श्वास मोजा, मग मास्क काढा. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, पुन्हा सगळं पहिल्यापासून.

झडप हलत नसेल तर मास्क सैल आहे. गालाशी बोटभर फट राहिली तरी औषध बाहेरच जातं. प्रशिक्षणात हे मुद्दाम चुकवून दाखवा, एकदा फट ठेवून आणि एकदा घट्ट. झडपेतला फरक डोळ्यांनी दिसला की लोक विसरत नाहीत.

मूल रडत असेल तर? "रडताना श्वास खोल जातो, छान जातं औषध," हा समज फार पसरलेला आहे आणि तो खोटा आहे. रडणं म्हणजे मुख्यतः लांब उच्छ्वास. औषध फुप्फुसात फारच कमी पोचतं. घरी शांत वेळी रिकामा मास्क खेळायला द्यावा, बाहुलीला पफ द्यायला लावावा, आणि रोजच्या औषधासाठी मूल निवांत असेल ती वेळ निवडावी. अ‍ॅटॅकमध्ये मात्र वाट बघत बसायचं नाही, कुशीत घेऊन शांत करत औषध चालू ठेवायचं.

मोठी मुलं नळीतून घेतात तेव्हा श्वास सावकाश हवा. काही स्पेसर जोरात ओढलं की शिट्टी वाजवतात, आणि मुलांना वाटतं शिट्टी वाजली म्हणजे बरोबर जमलं. त्यांना उलटं सांगा. पावडरच्या इनहेलरमध्ये नेमका विरुद्ध नियम आहे: झटक्यात, जोरात आणि खोल ओढायचं, त्यात फुंकायचं नाही. म्हणूनच साधारण सहा वर्षांखाली पावडरचा उपयोग होत नाही. एकाच मुलाला दोन प्रकारचे इनहेलर लिहिले तर दोन्हींची पद्धत एकमेकांत मिसळते, शक्यतो टाळा.

स्पेसरची सफाई बहुतेकांची चुकते. प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषधाचे कण आतल्या भिंतीला चिकटतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे थेंब घालून स्पेसरचे भाग बुडवा आणि तसेच उभे करून वाळू द्या. फडक्याने पुसलं की वीज परत तयार होते. तोंडाला लागणारा भाग तेवढा पाण्याने धुतला तर हरकत नाही. नव्या स्पेसरलाही वापराआधी हेच करायचं, आणि मग साधारण महिन्यातून एकदा.

इनहेलर संपला हे कसं कळतं, हे नक्की विचारा. "हलवून बघतो", "पाण्यात टाकून तरंगतो का बघतो" अशी उत्तरं येतील. दोन्ही भरवशाची नाहीत. औषध संपल्यावरही वायू शिल्लक असतो, फवारा दिसतो, आणि मूल नुसता वायू घेत राहतं. आकडा दाखवणारा काउंटर असेल तर उत्तम, नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहायची आणि दिवसाच्या पफवरून हिशेब करायचा.

पायरी ४: अ‍ॅटॅकचा पहिला तास

इथे वाचून दाखवू नका, करवून घ्या. बाहुलीचा खेळ लावा, घड्याळ ठेवा आणि ड्यूटीवर खरोखर असतात तेवढीच माणसं घ्या.

सुरुवात बघण्याने. मूल बोलतंय की एकेक शब्द तोडतंय? पाणी किंवा दूध पिता येतंय? फासळ्यांखाली खड्डा पडतोय? ओठ निळे? सुस्त किंवा सैरभैर? रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९२ टक्क्यांच्या खाली गेलेलं लहान मूल गंभीर समजा. छातीत घरघर ऐकूच येत नाही आणि मूल थकलेलं आहे, हे सगळ्यात वाईट चिन्ह, कारण आवाज व्हायला लागणारी हवाही आत जात नसते. रक्तातल्या वायूंची तपासणी केलीच, तर खूप धाप लागलेल्या मुलाचा 'नॉर्मल' कार्बन डायऑक्साइड बघून निश्चिंत होऊ नका. जोरात श्वास घेताना तो कमी असायला हवा. नॉर्मल म्हणजे मूल दमत चाललंय.

औषध: साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचा इनहेलर स्पेसरमधून. पाच वर्षांपर्यंत तीव्रतेनुसार २ ते ६ पफ, सहा ते अकरा वर्षांत ४ ते १० पफ, दर २० मिनिटांनी, पहिला तासभर. ऑक्सिजन ९४ ते ९८ टक्क्यांवर राहील इतका. अ‍ॅटॅक मध्यम किंवा गंभीर असेल तर तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम, दिवसाची कमाल मात्रा दोन वर्षांखाली २०, दोन ते पाच वर्षांत ३० आणि सहा ते अकरा वर्षांत ४० मिलिग्रॅम, बहुधा ३ ते ५ दिवस. याचा परिणाम दिसायला साधारण चार तास लागतात, म्हणून "आधी दोन नेब्युलायझेशन बघू, मग ठरवू" असं म्हणत वेळ घालवू नका. गंभीर मुलात पहिल्या तासात इप्राट्रोपियम (श्वासनलिका सैल करणारं दुसरं औषध) जोडतात, तरीही दाद नसेल तर वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट. हे आकडे आपल्या रुग्णालयाच्या लेखी कार्यपद्धतीशी जुळवून एकच तक्ता भिंतीवर लावा.

नेब्युलायझरविषयी दोन शब्द, कारण त्यावर लोकांची श्रद्धा आहे. जिवावर बेतलेला अ‍ॅटॅक सोडला, तर स्पेसरमधून दिलेले पफ तितकंच काम करतात, हृदयाचे ठोके कमी वाढतात आणि वेळ वाचतो. शिवाय मूल इथे स्पेसरवर बरं झालं तर आईला घरच्या स्पेसरवर विश्वास बसतो. ऑक्सिजन लागतोय, मूल फार दमलंय, अशा वेळी ऑक्सिजनवर चालणारा नेब्युलायझर वापरा.

काय देऊ नये, हेही खेळात तपासा: झोपेची औषधं, खोकल्याची सिरप, सरसकट अँटिबायोटिक, सगळ्यांचा एक्स-रे. साल्ब्युटामॉलचं सिरप अजूनही लिहिलं जातं. ते उशिरा काम करतं, हात थरथरणं आणि धडधड जास्त. इनहेलर उपलब्ध असताना त्याची गरज नाही.

पायरी ५: रोजचं औषध, जिथे सगळं निसटतं

अ‍ॅटॅक उतरला की टीम सुटकेचा श्वास सोडते आणि खरं काम तिथेच राहून जातं. साल्ब्युटामॉल पाच मिनिटांत आराम देतं आणि चार ते सहा तासांत उतरतं, सूज तशीच राहते. सूज उतरवणारं इनहेल्ड स्टेरॉइड रोज घ्यायचं असतं, फरक जाणवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आईच्या नजरेने बघा: साल्ब्युटामॉलचा निळा इनहेलर लगेच गुण देतो, दुसरा काहीच करत नाही. तिने दुसरा बंद केला तर त्यात नवल काय? हे आधीच सांगितलं नाही तर ती बंद करणारच.

दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ पासून बारा वर्षांपुढच्या रुग्णांना फक्त साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असं सांगितलं. सहा ते अकरा वर्षांतही सौम्य दम्यात निदान साल्ब्युटामॉल घेताना सोबत कमी मात्रेचं इनहेल्ड स्टेरॉइड घ्यावं असा सल्ला आहे. लहान मुलांत, क्वचित सर्दीबरोबर घरघर होत असेल तर नुसतं साल्ब्युटामॉल चालतं. त्यापुढे गेलं की रोजचं औषध.

फार्मासिस्टची माहिती इथे लागते. २०० पफचे तीन किंवा जास्त साल्ब्युटामॉल इनहेलर वर्षात संपले, तर अ‍ॅटॅकचा धोका वाढलेला असतो; बारा किंवा जास्त संपले तर मृत्यूचा धोकाही. काउंटरवर हा हिशेब ज्याला दिसतो त्याने डॉक्टरांना कळवायची पद्धत बसवा.

'स्टेरॉइड' शब्दाला पालक घाबरतात, आणि खरं सांगायचं तर काही परिचारिकाही. उत्तर प्रामाणिक द्या. बुडेसोनाइड हे इनहेल्ड स्टेरॉइड कित्येक वर्षं घेतलेल्या मुलांची प्रौढ वयातली उंची सरासरी सुमारे १.२ सेंटिमीटर कमी भरली, असं दीर्घ पाठपुराव्यात दिसलं आहे. तो फरक सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत पडतो आणि पुढे वाढत जात नाही. दुसऱ्या पारड्यात वारंवारचे अ‍ॅटॅक, बुडालेली शाळा आणि दर वेळी तोंडावाटे घ्यावं लागणारं बरंच जास्त स्टेरॉइड आहे. "काहीही होत नाही" म्हणालात आणि पालकांनी नंतर इंटरनेटवर वाचलं, तर विश्वास गेला. इनहेलर दात घासण्याआधी घ्यायला सांगा, चूळ आपोआप भरली जाते. मास्क वापरत असाल तर तोंडही पुसा.

माँटेल्युकास्ट हे दम्याचं तोंडी औषध गोड गोळी म्हणून सर्रास लिहिलं जातं. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी असे परिणाम होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापायला लावला. लिहायची असेल तर पालकांना हे सांगून लिहा.

दर भेटीत चार प्रश्न: गेल्या चार आठवड्यांत दिवसा लक्षणं किती वेळा, रात्री जाग येते का, निळा इनहेलर किती वेळा लागला, खेळणं कमी झालंय का. चार ते अकरा वर्षांसाठी सात प्रश्नांची गुणतालिका आहे, २७ पैकी १९ किंवा कमी म्हणजे दमा काबूत नाही. औषध वाढवण्याआधी पद्धत बघा आणि औषध खरंच घेतलं जातंय का ते बघा. घरातला धूर, विशेषतः सिगारेटचा, विचारा. डोस वाढवायची घाई बहुतेक वेळा इथेच थांबते.

पायरी ६: सगळ्यांच्या तोंडी एकच सांगणं

डॉक्टर म्हणतात रोज घ्या, सिस्टर म्हणतात त्रास झाला की घ्या, औषधाच्या काउंटरवर कोणी म्हणतं सवय लावू नका. मग घरी आजी जे म्हणेल तेच होतं. म्हणून एका पानाची लेखी योजना करा, तीन रंगांत. हिरवा: बरं आहे, रोजचं औषध चालू, खेळायला मोकळीक. पिवळा: खोकला, घरघर, रात्री जाग, निळा इनहेलर किती पफ, किती वेळाने. लाल: बोलता किंवा पिता येत नाही, पोट उडतंय, ओठ निळे, पफ देत देत दवाखान्यात निघा. पाच वर्षांखालच्या मुलाला दोन तासांत सहाहून जास्त पफ लागले, किंवा दिवसभरात मूल पूर्ववत झालं नाही, तरी दवाखान्यात यायचं, हे ठळक लिहा.

डिस्चार्जच्या वेळी "समजलं ना?" विचारू नका, उत्तर नेहमी "हो" असतं. "घरी बाबांना कसं दाखवाल, ते मला करून दाखवा" म्हणा. चुकलं तर पुन्हा दाखवा, पुन्हा करून घ्या, आणि केसपेपरवर पद्धत तपासल्याची नोंद ठेवा. फेरतपासणीची तारीख आठवड्याच्या आतली हवी.

पायरी ७: तीन महिन्यांनी परत

हाताचं कौशल्य लवकर गंजतं. तीन महिन्यांनी तीच चूक-बरोबर विधानं, नवी केस आणि तोच स्पेसर. नव्याने रुजू झालेल्यांना पहिल्या आठवड्यात पकडा. त्याबरोबर गेल्या तिमाहीतल्या दम्याच्या मुलांचे वीस-एक केसपेपर काढा आणि मोजा: प्रेडनिसोलोन पहिल्या तासात मिळालं का, अँटिबायोटिक विनाकारण दिलं का, घरी जाताना रोजचं औषध लिहिलं का, लेखी योजना दिली का, पद्धत तपासल्याची नोंद आहे का. परीक्षेत गुण वाढले आणि केसपेपर तसेच राहिले असतील, तर अडचण बहुधा शिकण्यात नाही: वॉर्डात स्पेसर कुलपात आहे, योजनेचे कागद संपलेत किंवा रात्रपाळीत दाखवायला कोणी नाही. ती यादी घेऊन प्रशासनाकडे जा.